गेमसाठी संगीत घेताय? मग कलम १९ वाचा

मित्राने झकास ट्यून करून दिली, पैसे यूपीआयने गेले, गेम प्ले स्टोअरवर चढला. इंडी गेमवाल्यांचे बहुतेक व्यवहार असेच होतात, आणि घोळही तिथेच होतो. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार परवाना लेखी लागतो. त्यातही मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत! (कलम १९ आणि ३०अ.) गेम तर जगभर डाउनलोड होतो. म्हणून दोन्ही स्पष्ट लिहा. ट्रेलर आणि यूट्यूबवरचे गेमप्ले व्हिडिओही त्यात घ्या.

बजेटच नाही? क्रिएटिव्ह कॉमन्स आहे. संगीतकार केव्हिन मॅकलाउडचं बरंच संगीत ‘सीसी बाय’खाली मिळतं; गेममध्ये श्रेय दिलं की झालं. परवान्यात ‘एनसी’ (फक्त बिगर-व्यावसायिक वापर) असेल तर जाहिराती किंवा इन-ॲप खरेदीच्या गेमसाठी मी तरी हात लावणार नाही.

आणि जुनं ते सगळं फुकट, हा समज सोडा. चाल आणि रेकॉर्डिंग यांचे हक्क वेगळे असतात. ‘स्वयंवर’ या संगीत नाटकाच्या चाली भास्करबुवा बखल्यांच्या. ते १९२२ साली गेले, म्हणजे मृत्यूनंतरची कॉपीराइटची ६० वर्षं कधीच उलटली. स्वतः वाजवून घ्या, खुशाल वापरा. पण एखाद्या गायकाचं गेल्या दहा-वीस वर्षांतलं ध्वनिमुद्रण उचललंत, तर परवानगी लागणारच.

कुणाकडे परवान्याचा चांगला मराठी मसुदा असेल तर कमेंटमध्ये टाका.