प्रमाणपत्र निराळें, प्रवेश निराळा

‘अमका मॅट्रिक झाला’ एवढें वाक्य आपल्या घरांत एके काळीं पुरेसें होतें. त्या एका वाक्यांत दोन गोष्टी एकदम सांगितल्या जात : मुलाची शाळा संपली ही एक, आणि कॉलेजचें दार त्याला मोकळें झालें ही दुसरी. त्याचें कारणही उघड होतें. मॅट्रिक ही मुळांत शाळेची परीक्षा नव्हतीच. १८५७ सालीं स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाची ती प्रवेशपरीक्षा होती. १८५९ सालीं ती पहिल्यानें घेतली गेली, तेव्हां महादेव गोविंद रानडे यांच्यासारखे विद्यार्थी तींतून पार पडले. शाळा सोडतांना जी कसोटी, तीच विद्यापीठांत शिरतांना. पुढें १९४९ सालापासून एस. एस. सी. ची निराळी परीक्षा सुरू झाली. पण तीन-चार पिढ्यांच्या अंगवळणीं पडलेला हा समज कांहीं गेला नाहीं. ‘पास झाला ना? मग झालें तर!’ असें आपण अजूनही म्हणतों.

हा समज बरोबर घेऊनच आपलीं माणसें समुद्रापार जातात, आणि तेथें तो नडतो. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया राज्यांत, विशेषतः सॅन होजे, फ्रीमाँट, सनीव्हेल या बाजूस, मराठी कुटुंबें आतां पुष्कळ आहेत. तेथें नातवंड नववींत गेलें म्हणजे पुण्यांतल्या आजोबांस वाटतें, बारावीच्या परीक्षेस अजून चार वर्षें अवकाश आहे. वस्तुतः त्या राज्यांत बारावीची परीक्षाच नाहीं! हायस्कूलांतून बाहेर पडतांना द्यावयाची एक राज्यपरीक्षा मध्यंतरीं होती. ती २०१५ सालीं स्थगित झाली व २०१७ सालीं कायद्यानें रद्द झाली. परीक्षा नाहीं म्हणून चिंता नाहीं, असें मात्र कोणीं समजूं नये. आपल्याकडे जो निकाल एका मार्च महिन्यांत लागतो, तो तिकडे चार वर्षें रोज थोडा थोडा लागत असतो.

ही पद्धति समजून घेण्यासारखी आहे. नववीपासून बारावीपर्यंत प्रत्येक मूल दर वर्षीं पांच-सहा विषय निवडतें. विषय पुरा झाला कीं त्याच्या खात्यावर क्रेडिटें जमा होतात. बहुतेक शाळांत एका सत्राच्या विषयास ५ व वर्षाच्या विषयास १० असा हिशेब असतो. ठराविक क्रेडिटें ठराविक विषयांत भरलीं, म्हणजे प्रमाणपत्र मिळतें. ज्ञान असें तासांवर मोजण्याची चाल पडली कशी, याची हकीकत मौजेची आहे. अँड्र्यू कार्नेगी या धनाढ्य गृहस्थानें १९०५ सालीं कॉलेजांतील अध्यापकांच्या पेन्शनीकरितां १ कोट डॉलर दिले. आतां पेन्शन द्यावयाची ती खऱ्या कॉलेजांतल्या अध्यापकांस. मग खरें कॉलेज कोणतें? तर जें प्रवेशापूर्वीं हायस्कूलचा पुरेसा अभ्यास झालेला असावा असा आग्रह धरतें, तें. आणि पुरेसा म्हणजे किती, हें ठरवितांना वर्षभरांत सुमारें १२० तासांचा एक विषय हें माप धरण्यांत आलें. वृद्ध प्राध्यापकांच्या निर्वाहाच्या प्रश्नांतून साऱ्या देशांतील मुलांच्या अभ्यासाचा गज निघाला!

येथपर्यंत सर्व सोपें आहे. अडचण पुढें आहे. आपल्याकडे जुन्या काळीं एकच याद होती, तेथें दोन आहेत. आणि दोन्ही निरनिराळ्या धन्यांच्या आहेत. पहिली याद राज्याची, प्रमाणपत्रापुरती. राज्य किमान म्हणून मागतें तें असें : इंग्रजी तीन वर्षें, गणित दोन वर्षें, शास्त्र दोन वर्षें, इतिहास व नागरिकशास्त्रादि विषय मिळून तीन वर्षें, शारीरिक शिक्षण दोन वर्षें, आणि कला, परभाषा किंवा एखादें व्यावसायिक शिक्षण यांपैकीं कोणतें तरी एक वर्ष. प्रत्येक शालेय डिस्ट्रिक्ट त्यावर आपली भर घालतो तो वेगळा. शिवाय ही याद बदलतही असते. २०३०-३१ सालीं बाहेर पडणाऱ्या मुलांपासून घरगुती अर्थव्यवहाराचा एक सत्राचा विषय तींत आला आहे. तेव्हां थोरल्या मुलाच्या वेळची याद धाकटीला लावून चालत नाहीं.

दुसरी याद विद्यापीठाची. कॅलिफोर्निया विद्यापीठ, ज्याच्या बर्कली, लॉस एंजेलिस वगैरे शाखांचीं नांवें आपल्याकडेही घरोघर ठाऊक आहेत, तें एकंदर पंधरा वार्षिक विषय मागतें. इतिहास दोन वर्षें, इंग्रजी चार, गणित तीन (चार असल्यास उत्तम), प्रयोगासह शास्त्र दोन (तीन असल्यास उत्तम), इंग्रजीखेरीज दुसरी एक भाषा दोन, एखादी कला एक, आणि निवडीचा आणखी एक. राज्याचीं दुसरीं सरकारी विद्यापीठें, जीं ‘कॅलिफोर्निया स्टेट’ या नांवानें ओळखलीं जातात, तींही हीच याद मानतात.

दोन्ही यादी शेजारीं ठेवून पाहाव्या. राज्याच्या दृष्टीनें दोन वर्षें गणित करून थांबलेली मुलगी यथासांग उत्तीर्ण आहे. तिच्या डोक्यावर चौकोनी टोपी चढेल, समारंभांत नांव पुकारलें जाईल, आईबाप फोटो काढतील. विद्यापीठाच्या दृष्टीनें मात्र ती अर्जालाच पात्र नाहीं. परभाषेचें तसेंच. राज्याला ती नसली तरी चालते, कलेवर निभावतें. विद्यापीठाला दोन वर्षें हवीच. याहून फसवा प्रकार श्रेणीचा आहे. ‘डी’ श्रेणी मिळाली तरी शाळा क्रेडिट देते, कारण डी म्हणजे पास. विद्यापीठ ‘सी’च्या खालीं कांहींच धरीत नाहीं. म्हणजे नववींत इंग्रजीच्या एका सत्रांत डी मिळविलेला मुलगा शाळेच्या वहींत पुरा आहे आणि विद्यापीठाच्या वहींत उणा आहे, व त्याला स्वतःला याची गंधवार्ताही नसते! गणित व परभाषा या चढत्या पायऱ्यांच्या विषयांत पुढील वर्गांत सी आला तर मागची उणीव बहुधा भरून निघते. इंग्रजी-इतिहासांत ही सवलत नाहीं. तेथें तो विषय उन्हाळ्यांत पुन्हां करणें हाच मार्ग.

आणि वेळही हाताशीं वाटतो तितका नसतो. पंधरापैकीं अकरा विषय बारावी सुरू होण्यापूर्वींच पुरे झालेले असावे लागतात, कारण अर्ज बारावीच्या शरदांतच जातो. पात्रतेसाठीं जी सरासरी काढतात ती दहावी-अकरावीच्या श्रेणींची. नववीची श्रेणी सरासरींत धरीत नाहींत, एवढ्यावरून ‘नववी फुकट’ असें कित्येक मुलें मानतात. पण नववीचे विषय त्या पंधरांत मोजले जातात आणि तेथेंही सी लागतेच. या विद्यापीठानें सॅट नांवाची प्रवेशपरीक्षा विचारांत घेणेंही आतां सोडून दिलें आहे. २०२० सालीं तसा ठराव झाला. त्यामुळें चार वर्षांच्या त्या कागदावर पूर्वीपेक्षां अधिकच भार आला. लग्नाआधीं पत्रिका दहा वेळां पाहणारीं आमचीं घरें मुलाची ही शाळेची पत्रिका वर्षांतून एकदांही नीट पाहात नाहींत, हें मला तरी चमत्कारिक वाटतें.

गणिताबद्दल थोडें सविस्तर लिहिणें जरूर आहे, कारण आमच्या लोकांचा जीव तेथेंच अडकलेला असतो. तेथील पायऱ्या साधारणपणें अशा : बीजगणित पहिलें, भूमिति, बीजगणित दुसरें, मग कॅल्क्युलसची पूर्वतयारी, आणि शेवटीं कॅल्क्युलस. पायऱ्या पांच आणि वर्षें चार! ज्याला बारावींत कॅल्क्युलस गांठावयाचा त्यानें पहिलें बीजगणित आठवींत उरकलें पाहिजे, नाहीं तर मध्यें एखादा उन्हाळा खर्ची घातला पाहिजे किंवा एका वर्षीं दोन गणितें केलीं पाहिजेत. म्हणजे इंजिनिअरिंगचा विचार तेरा वर्षांच्या पोराच्या वेळापत्रकांत येऊन बसतो. हा प्रश्न किती जिव्हाळ्याचा आहे हें सॅन फ्रान्सिस्को शहरांत दिसून आलें. तेथील शालेय मंडळानें सर्व मुलांस एका पातळीवर ठेवावें या हेतूनें २०१४ सालीं आठवींतलें बीजगणित बंद केलें. पालकांची कुरबूर दहा वर्षें चालली, आणि मार्च २०२४ मध्यें नागरिकांनीं मतपेटींतून तें परत आणण्याच्या बाजूनें कौल दिला. हेतु वाईट नव्हता. पण ज्यांच्यापाशीं पैसा होता त्यांनीं तें बीजगणित बाहेर शिकविलें, आणि ज्यांच्यापाशीं नव्हता तीं मुलें मागें राहिलीं.

आणखी एक इशारा. दुसऱ्या बीजगणिताऐवजीं ‘डेटा सायन्स’ नांवाचा सुटसुटीत विषय घेऊन तिसरें वर्ष भरतां येईल, अशी समजूत मध्यंतरीं पसरली होती. २०२३ सालीं विद्यापीठाच्या प्राध्यापकांच्या समितीनें ती मोडून काढली. नांव नवें आणि आकर्षक आहे एवढ्यावरून विषय निवडूं नये. विद्यापीठानें प्रत्येक शाळेच्या मान्य विषयांची याद प्रसिद्ध केलेली असते. विषय तींत आहे कीं नाहीं हें आधीं पाहावें.

याच्या उलट टोंकालाही आमचींच माणसें सांपडतात. ‘अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट’ म्हणून कॉलेजच्या तोडीचे विषय हायस्कूलांत घेतां येतात. त्यांना सरासरींत एक गुण जास्त मिळतो. झालें! शेजारच्या घरचा मुलगा असे आठ विषय घेतो तर आपल्या मुलानें दहा घ्यावे, अशी चढाओढ लागते, आणि पोरें रात्रीं एक-एक वाजेपर्यंत जागतात. परंतु कॅलिफोर्निया विद्यापीठ हा जादा गुण आठ सत्रांपुरताच धरतें, म्हणजे चार वार्षिक विषयांपुरता. त्यापुढचे विषय आवडीनें घेतले तर अभ्यास कसदार दिसतो हें खरें. पण नुसत्या सरासरीच्या लोभानें मुलाची झोंप घालविण्यांत हिशेबानेंही शहाणपण नाहीं.

आतां मराठीविषयीं. दोन वर्षें परभाषेची अट पाहून बहुतेक मुलें स्पॅनिश घेतात, आणि त्यांत वावगें कांहींच नाहीं. पण एक गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. जें मूल सहावी किंवा त्यावरच्या इयत्तांत दोन वर्षें मराठी माध्यमाच्या शाळेंत शिकून तिकडे गेलें, त्याची ही अट त्या शिक्षणानेंच पुरी होऊं शकते. त्यासाठीं येथील शाळेचे दाखले मात्र व्यवस्थित हवेत. इंग्रजी माध्यमांतून गेलेल्यास हा लाभ नाहीं. घरीं नुसतें बोलतां येतें एवढ्यानें भागत नाहीं. तथापि दोन भाषा लिहितां-वाचतां येणाऱ्या मुलाच्या प्रमाणपत्रावर उमटविण्याची एक मोहोर कॅलिफोर्निया राज्यानें २०१२ सालापासून सुरू केली आहे. आठवड्यांतून एक दिवस आजीनें पत्र लिहवून घेतलें, तर त्या मोहोरेची तयारी घरबसल्या होते.

येथून दहावी करून एकदम अकरावींत जाणाऱ्या मुलाची गोष्ट सर्वांत नाजूक. गणित-शास्त्रांत तो पुढें असतो. पण अमेरिकेचा इतिहास व तेथील राज्यव्यवस्था हे विषय त्याच्या खात्यावर कोरे असतात, आणि प्रमाणपत्राला ते चुकत नाहींत. त्याचे इकडचे गुण तिकडच्या क्रेडिटांत कसे उतरवावयाचे हें शाळा ठरविते. शाळेंतील सल्लागार या कामासाठींच असतात, परंतु एकेकाच्या वांट्याला कित्येक शें मुलें येतात. तो बोलावील तेव्हां जाऊं म्हणून बसणें बरें नव्हे. प्रवेशाच्या पहिल्याच आठवड्यांत गुणपत्रकें व अभ्यासक्रम यांच्या प्रती घेऊन आईनें किंवा वडिलांनीं स्वतः भेटावें, आणि ‘प्रमाणपत्राला काय उणें आहे?’ व ‘विद्यापीठाला काय उणें आहे?’ असे दोन वेगळे प्रश्न विचारावे. एकच प्रश्न विचारला तर एकाचेंच उत्तर मिळतें.

इतकें करूनही एखाद्याचें चुकलेंच, तर? तिकडे कम्युनिटी कॉलेज नांवाचीं शंभरावर सरकारी कॉलेजें आहेत. अठरा वर्षें पुरीं झालेल्या कोणालाही तेथें जातां येतें, फी थोडी असते, आणि दोन वर्षें चांगला अभ्यास केला कीं विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षांत बदली मागतां येते. विद्यापीठाच्या सहा शाखा तर ठराविक अटी पुऱ्या करणाऱ्यास अशा बदलीची हमीही आधीं लिहून देतात. आमच्या समाजांत या वाटेनें गेलेल्या मुलाचा विषय निघाला कीं आई दुसरेंच कांहीं बोलूं लागते. वास्तविक त्या मुलाची पदवी आणि पहिल्या वर्षापासून तेथें असलेल्याची पदवी यांत कागदावर कांहींएक फरक नसतो, आणि बापाचे दोन वर्षांचे पैसे वांचलेले असतात.