‘वय झालं’ हे आजाराचं नाव नव्हे

घरात सासूबाई म्हणाल्या, “पायात जोर राहिला नाही गं,” की आपण पटकन म्हणतो, “आता वय झालं, चालायचंच.” त्याही मग गप्प बसतात. आज आपण या बोलण्याकडे जरा नीट पाहू या.

२०११ च्या जनगणनेत आपल्या देशात साठीपुढची माणसं १० कोटींवर होती. २०५० पर्यंत ती ३० कोटींपुढे जातील, असा अंदाज आहे. म्हातारपणी तब्येत नेमकी कशी बदलते हे समजावं म्हणून ‘लासी’ नावाची देशव्यापी पाहणी सुरू झाली. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये तिची पहिली फेरी केली. पंचेचाळिशीपुढच्या ७२ हजारांहून जास्त लोकांना त्यात गाठलं. नुसतं “कसं आहे?” विचारून भागवलं नाही. रक्तदाब मोजला, हाताच्या पकडीचा जोर आणि चालण्याचा वेग पाहिला, नजर आणि स्मरणशक्तीही तपासली.

मोजायचं कशाला? कारण विचारलं की बाई “बरं आहे” म्हणते. वाढलेला रक्तदाब तर बहुतेक वेळा दुखतही नाही.

घरीही काही गोष्टी पाहता येतात. जागतिक आरोग्य संघटनेने त्या सोप्या करून सांगितल्या आहेत. खुर्ची भिंतीला टेकवा, आपण शेजारी उभ्या राहा. हाताचा आधार न घेता त्यांना पाच वेळा उठून बसायला सांगा. १४ सेकंदांत जमलं नाही, तर पायांची ताकद घटली असावी. पडून खुब्याचं हाड मोडण्याआधी हे कळलेलं बरं. गेल्या तीन महिन्यांत वजन तीन किलोहून जास्त उतरलं का? भूक मेली आहे का? तीन साधे शब्द सांगा आणि थोड्या वेळाने विचारा. तिन्ही आठवतात का?

एखादं उत्तर खटकलं तर घाबरू नका, पण डॉक्टरांना दाखवा. व्यायामाने आणि डाळ, दूध, अंडी अशा आहाराने स्नायूंना बळ येतं. विसरण्यामागे कधी थायरॉईड, कधी बी-१२ ची कमतरता, कधी मनाची उदासी असते. त्यावर उपचार आहेत. चक्कर एखाद्या गोळीमुळेही येते, म्हणून चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून बरोबर न्या. मनाने मात्र एकही बंद करू नका.

रक्तदाब आणि साखर आरोग्य उपकेंद्रात तपासून मिळते, आशाताईंना विचारा. सत्तरीपुढच्यांना २०२४ पासून उत्पन्नाची अट न ठेवता आयुष्मान कार्ड मिळतं. त्यावर दवाखान्यात दाखल झाल्यास कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार होतात. रोजच्या गोळ्यांचा खर्च त्यात येत नाही.

आणि मैत्रिणींनो, ती पाहणी साठीपासून नव्हे, पंचेचाळिशीपासून सुरू होते. तेव्हा सासूबाईंना उपकेंद्रात न्याल, तेव्हा आपलाही दंड पुढे करू या!