कॉब : सामान्य घोडेस्वाराचा घोडा

ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये बुटक्या, रुंद छातीच्या, आखूड आणि भक्कम पायांच्या घोड्याला कॉब म्हणतात. काटेकोरपणे पाहिले तर ही घोड्याची जात नसून बांध्याचा एक प्रकार आहे. अरबी किंवा थरोब्रेड घोड्याची ओळख वंशावळीच्या नोंदवहीतून पटते, कॉबची त्याच्या अंगकाठीवरून. आई-बाप कोण हे ठाऊक नसलेला घोडाही बांध्यात बसत असेल तर कॉब ठरतो. ब्रिटनमधल्या घोड्यांच्या प्रदर्शनांत कॉबच्या वर्गासाठी १४८ ते १५५ सेंटीमीटर उंचीची अट असते आणि ही उंची मान संपून पाठ सुरू होते तिथे मोजली जाते. त्याहून उंच घोड्यांसाठी ‘मॅक्सी कॉब’ असा वेगळा वर्ग आहे. काही कॉबना मात्र जातीचा दर्जा आहे. वेल्समधल्या वेल्श कॉबची आणि फ्रान्समधल्या नॉर्मन कॉबची रीतसर वंशनोंद ठेवली जाते.

या घोड्यात शर्यतीच्या घोड्याचा वेग नाही, अरबी घोड्याचे नाजूक सौंदर्यही नाही. तरीही नोकरी सांभाळून एकच घोडा पाळणारे हौशी लोक मोठ्या संख्येने कॉब निवडतात. हा घोडा मुळात कोणत्या कामासाठी घडवला गेला हे पाहिले की त्याचे कारण उलगडते.

एका घोड्यावर सगळी कामे

रेल्वे आणि मोटार येण्यापूर्वी ब्रिटनमधल्या श्रीमंतांच्या पागेत प्रत्येक कामाला वेगळा घोडा असे. शिकारीचा निराळा, बग्गीचा निराळा, स्वारीचा निराळा. लहान शेतकरी, खेड्यातला डॉक्टर, खाटीक किंवा दूधवाला यांना ती चैन परवडणारी नव्हती. त्यांना एकच घोडा हवा असे. आठवडाभर तो गाडी ओढेल, गरज पडली तर शेतात राबेल, रविवारी घरच्यांना प्रार्थनेला घेऊन जाईल आणि हे सगळे थोडक्या चाऱ्यावर करील, अशी त्यांची अपेक्षा होती. या गरजेतून कॉबचा बांधा घडला.

वेल्समध्ये या घोड्याची खरी परीक्षा दुडक्या चालीत होत असे. तिथल्या डोंगराळ रस्त्यांवर चौखूर धावणारा घोडा लवकर दमतो, एका लयीत दुडकत जाणारा मैलोन्‌मैल टिकतो. पैदाशीसाठी नर निवडताना त्याला कार्डिफ ते डाउलेस हे सुमारे ३५ मैलांचे, म्हणजे ५६ किलोमीटरचे चढाचे अंतर दुडकत पार करायला लावीत. उत्तम घोडे ते तीन तासांच्या आत कापत, असे सांगितले जाते. वेल्श पोनी अँड कॉब सोसायटीची स्थापना १९०१ मध्ये झाली आणि तेव्हापासून या घोड्यांची रीतसर नोंद होऊ लागली. तिच्या नोंदवहीत १३७.२ सेंटीमीटरपेक्षा उंच वेल्श कॉब ‘डी’ विभागात मोडतात.

दुसरी परंपरा रोमानी, म्हणजे जिप्सी, भटक्यांची. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून ही कुटुंबे ‘वार्डो’ नावाच्या रंगीत लाकडी घरगाड्यांतून फिरू लागली. अशा गाडीला जुंपलेला घोडा दिवसभर न थकता चालला पाहिजे आणि रस्त्याकडेच्या गवतावर जगला पाहिजे. त्याच्या पायांत घरातली पोरे खेळत असली तरी त्याने बुजता कामा नये. लाथा झाडणाऱ्या किंवा उधळणाऱ्या घोड्याला या जीवनात जागाच नव्हती. खुरांवर लोंबणाऱ्या दाट केसांचे, लांब आयाळीचे आणि बहुधा अबलख रंगाचे आजचे जिप्सी कॉब या निवडीतून आले. इंग्लंडमधल्या ॲपलबी इथे दरवर्षी जूनमध्ये भरणाऱ्या बाजारात असे घोडे ईडन नदीत धुतले जातात आणि रस्त्यावरून दुडकवत गिऱ्हाइकांना दाखवले जातात.

बांधा आणि मांड

कॉबच्या बांध्याबद्दल इंग्रजांत एक गमतीची म्हण आहे : डोके खानदानी बाईचे, पुठ्ठा स्वयंपाकिणीचा. म्हणजे डोके रेखीव असावे आणि मागचा भाग भरदार, ताकदीचा. आखूड पाठ, खोल छाती आणि गुडघ्याखाली जाड हाड यांमुळे उंचीच्या मानाने हा घोडा बरेच वजन पेलतो. प्रदर्शनात हलक्या वर्गातल्या कॉबने १४ स्टोन, म्हणजे सुमारे ८९ किलोंपर्यंतचा स्वार वाहावा आणि भारी वर्गातल्याने त्याहून अधिक, असे मानले जाते. तिथे पंच घोड्याला नुसते न्याहाळत नाहीत, स्वतः त्यावर मांड टाकून तो कसा चालतो ते पाहतात. रूपाइतकेच वळणालाही गुण असतात.

मालकासाठी याचा अर्थ सरळ आहे. धिप्पाड पुरुष आणि त्याची किशोरवयीन मुलगी दोघेही एकाच घोड्यावर रपेट करू शकतात. जमिनीवरून रिकिबीत पाय घालणे सोपे जाते आणि पडलेच तर उंची कमी असते. चाळिशी-पन्नाशीत घोडेस्वारी शिकणाऱ्याला रुंद पाठीवर मांड पक्की वाटते.

इतर घोड्यांच्या तुलनेत

मुंबईच्या महालक्ष्मीवर किंवा पुण्याच्या रेसकोर्सवर धावणारा घोडा थरोब्रेड असतो. ही जात सतराव्या-अठराव्या शतकांत इंग्लंडमध्ये आणलेल्या बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गॉडॉल्फिन अरेबियन या तीन नरांपासून चालत आलेली आहे. तिची वंशनोंद १७९१ पासून छापली जाते. पिढ्यान्‌पिढ्या केवळ वेगासाठी निवड झाल्यामुळे तिची कातडी पातळ, खुरांचे तळ नाजूक आणि डोके गरम. शर्यतीतून निवृत्त झालेले थरोब्रेड स्वस्तात मिळतात, पण खरा खर्च पुढे सुरू होतो. वजन टिकवायला भरपूर चंदी, थंडीत जाड झुली, पक्का तबेला, नियमित नालबंदी आणि रोजच्या स्वारीला सरावलेला हात, एवढे सगळे लागते.

अरबी घोडा लांब पल्ल्याच्या शर्यतींत अजोड मानला जातो. मात्र तो अतिशय सावध आणि तल्लख असल्याने नवख्या स्वाराचा गोंधळ त्याला लगेच कळतो. जर्मनी, हॉलंड इथे पैदास होणारे हॅनोव्हेरियन आणि डच वॉर्मब्लड हे घोडे ड्रेसाज, म्हणजे शिस्तबद्ध चालींच्या कवायती, आणि उड्यांच्या स्पर्धांसाठी घडवलेले. त्यांची चाल डौलदार, पण त्यांच्या उसळत्या पाठीवर बसायलाही कसब लागते आणि किंमत भारी असते. शायर हा ओझ्याचा घोडा स्वभावाने शांत खरा, पण टनभर वजनाच्या या प्राण्याचा चारा, नाल आणि वाहतूक सगळेच मोठे. शेटलंडसारखे छोटे पोनी पोसायला सोपे, तरी त्यांवर मोठ्या माणसाला बसता येत नाही. कॉब या सगळ्यांच्या मधोमध उभा आहे. कोणत्याही एका गुणात तो पहिला नसतो, मात्र सामान्य मालकाला लागणारे बहुतेक गुण त्याच्यात पुरेसे असतात.

हवामानाचा भागही महत्त्वाचा आहे. ब्रिटनमधल्या थंड पावसात जाड केसांचा कॉब बाराही महिने कुरणात राहू शकतो. आडोसा आणि वाळले गवत एवढ्यावर त्याचे भागते. पुष्कळ कॉबचे खूर इतके कणखर असतात की हलक्या कामासाठी नालाशिवायही चालते. सकाळ-संध्याकाळ तबेल्यात जाऊन नोकरी सांभाळणाऱ्या माणसाला पैशाइतकाच वेळही वाचवायचा असतो. चार दिवस स्वारी चुकली तरी बहुतेक कॉब पाचव्या दिवशी तितक्याच शांतपणे चालतात. थरोब्रेडबाबत तशी खात्री देता येत नाही.

अर्थात सगळे कॉब थंड डोक्याचे नसतात. वेल्श कॉब रगेल आणि चमकदार चालीचा असतो. नवख्याला तो झेपेलच असे नाही. जाड मानेचा, न शिकवलेला कोणताही कॉब लगाम खेचून माणसाला ओढत नेऊ शकतो. शांतपणा रक्तात असला तरी शिस्त लावावीच लागते.

काटकसरीची दुसरी बाजू

कॉबचा सर्वांत मोठा गुण, थोडक्यात भागवणे, हाच आजच्या काळात त्याचा सर्वांत मोठा धोका झाला आहे. त्याचे पूर्वज निकृष्ट चाऱ्यावर दिवसभर राबत. आजचा कॉब दुभत्या गाईंसाठी पोसलेल्या साखरयुक्त गवतात उभा असतो आणि आठवड्यातून दोन-तीनदा तासभर रपेट करतो. परिणामी तो झपाट्याने लठ्ठ होतो. लठ्ठपणातून रक्तातले इन्शुलिन बेसुमार वाढते आणि लॅमिनायटिस हा खुरांचा आजार होतो. खुराची कठीण भिंत आतल्या हाडाला ज्या नाजूक थरांनी जोडलेली असते ते थर त्यात निकामी होतात. घोड्याला पाऊल टाकणे अशक्य होते, हाड जागेवरून सरकते आणि प्रसंगी त्याला दयामरण द्यावे लागते. म्हणून जाणते मालक कुरणाचा थोडाच भाग चरायला मोकळा ठेवतात, तोंडाला जाळीचे मुसके बांधतात आणि वाळले गवत भिजवून त्यातली साखर कमी करतात. लठ्ठ कॉब बलदंड दिसतो, पण त्याची चरबी हेही त्याच्याच पायांवरचे ओझे असते. स्वाराचे वजन ठरवताना तेही धरावे लागते.

खुरांवरचे लांब केस देखणे असले तरी कटकटीचे असतात. चिखलाचा ओलावा त्यात साठून कातडीला जखमा होतात, केसांच्या आड सूक्ष्म परजीवी घर करतात आणि घोडा सतत पाय आपटत राहतो. दाट केसांच्या पायांच्या घोड्यांत पाय हळूहळू सुजून कातडीला घड्या पडण्याचा, पूर्ण बरा न होणारा विकारही आढळतो. ही लक्षणे वेळीच दिसावीत म्हणून केस उचलून पाय तपासणे हे रोजचे काम ठरते. रुंद, सपाट पाठीवर खोगीर सरकते, त्यामुळे ते मापाने बसवून घ्यावे लागते. हिवाळ्यात नियमित काम असेल तर अंगावरचे जाड केस कातरावे लागतात, नाहीतर घामाने भिजलेला घोडा तासन्‌तास सुकत नाही.

खेळातही मर्यादा आहेत. खांदा उभट आणि पावले आखूड असल्याने कॉब वेगात आणि उंच उड्यांत मागे पडतो. प्राथमिक आणि मधल्या पातळीचे ड्रेसाज, गाडी ओढण्याच्या स्पर्धा, लहान उड्या यांत मात्र तो चांगली कामगिरी करतो.

मागणी आणि पैदास

१९९६ मध्ये जिप्सी कॉब अमेरिकेत पोहोचले. तिथे त्यांना ‘जिप्सी व्हॅनर’ हे नाव आणि स्वतंत्र वंशनोंद मिळाली. एकेकाळी ‘भटक्यांचा घोडा’ म्हणून हिणवला गेलेला प्राणी श्रीमंतांच्या हौसेचा झाला. दुसरीकडे ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये विचार न करता अबलख कॉबची बेसुमार पैदास झाली आणि भाव कोसळताच पुष्कळ घोडे परक्यांच्या कुरणांत सोडून देण्यात आले. याला आळा घालण्यासाठी वेल्समध्ये २०१४ साली आणि इंग्लंडमध्ये २०१५ साली बेवारस घोड्यांसंबंधी कायदे करावे लागले. या बेसुमार पैदाशीमुळे प्राणिसेवी संस्थांकडे आजही दत्तक जाण्याच्या प्रतीक्षेतले कॉब मोठ्या संख्येने असतात.

कॉब घेताना रंग आणि केसांची झालर यांपेक्षा चार गोष्टी आधी पाहाव्यात असे जाणकार सांगतात : खुरांवर जुन्या लॅमिनायटिसच्या खुणा आहेत का, केसांखालची कातडी निरोगी आहे का, रस्त्यावर वाहनांच्या गर्दीत घोडा बुजतो का आणि हातात धरून चालवताना तो माणसाचे ऐकतो का. त्यानंतरचा प्रश्न मालकाने स्वतःलाच विचारायचा असतो : आपल्याकडे हिरवे कुरण किती आहे आणि घोड्याला काम किती देता येईल? ज्याच्याकडे चारा बेताचा आणि रपेटीला वेळ पुरेसा, त्याच्याकडे कॉब निरोगी राहतो. चारा उदंड आणि काम तुटपुंजे असेल, तर याच घोड्याची राखण थरोब्रेडइतकी अवघड होऊन बसते.