उसाच्या फडातले मेलेले

झॉम्बी म्हटले की माणसांचे लचके तोडणारी झुंड आठवते. हैतीच्या लोककथांतला झॉम्बी मात्र कुणाला चावत नाही, तो राबतो. बोकोर नावाचा मांत्रिक त्याला थडग्यातून उठवतो आणि शेतावर जुंपतो. तिथल्या शेतकऱ्याला धास्ती असते ती आपल्याच माणसाचा झॉम्बी होण्याची.

हैती ही पूर्वी सँ-दोमँग नावाची फ्रेंच वसाहत होती. १७८९च्या सुमारास तिथे जवळपास पाच लाख गुलाम ऊस, कॉफी, नीळ पिकवत होते. त्यांतले निम्म्याहून अधिक आफ्रिकेत जन्मलेले. माणसे इतक्या झपाट्याने मरत, की जहाजे भरभरून नवी आणावी लागत. मेल्यावर आत्मा समुद्रापार ‘गिने’ला, पूर्वजांच्या भूमीत परततो, अशी त्यांची श्रद्धा. त्या आशेने कित्येकांनी जीव दिला. झॉम्बीला ती वाटही बंद होती. ज्याच्या नशिबी सुटकेचा एवढाच मार्ग उरला आहे, त्याला याहून भयंकर काय वाटणार?

१८०४मध्ये गुलामांनी लढून स्वातंत्र्य मिळवले. १९१५ ते १९३४ अमेरिकी फौजेने देश ताब्यात ठेवला आणि रस्ते बांधायला वेठबिगारी पुन्हा आणली. त्याच काळात विल्यम सीब्रुक या अमेरिकी लेखकाचे ‘द मॅजिक आयलंड’ (१९२९) निघाले. पुस्तक भडक आहे, पण त्यातली एक लोककथा विसरता येत नाही. अमेरिकी साखर कंपनीच्या फडात एक मुकादम मेलेल्यांची टोळी आणतो आणि त्यांची मजुरी खिशात घालतो. त्याच्या बायकोला दया येते. ती त्यांना सणाला शेजारच्या गावी नेते, दाण्यांची मिठाई घेऊन देते. दाणे खारे निघतात. मीठ जिभेला लागताच आपण मेलेले आहोत हे त्यांना उमगते. ते आक्रोश करत गावची वाट धरतात आणि आपापल्या थडग्यांवर कोसळतात.

‘व्हाइट झॉम्बी’ (१९३२) या चित्रपटात साखरेच्या घाण्यात एक मजूर पडतो आणि बाकीचे चाक फिरवतच राहतात. कष्टकऱ्याचे भय इथवर पडद्यावर शाबूत होते. जॉर्ज रोमेरोच्या ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’पासून (१९६८) मेलेले माणसे खाऊ लागले आणि भीती घराची दारे आतून बंद करणाऱ्यांची झाली. तरी रोमेरो प्रामाणिक होता. रात्रभर तग धरलेल्या कृष्णवर्णीय नायकाला सकाळी सशस्त्र गोऱ्यांची टोळी मेलेल्यांपैकीच एक समजून गोळी घालते. पुढच्या शेकडो चित्रपटांतून हा सामाजिक राग ओसरला आणि नुसती संसर्गाची धास्ती उरली.

आदित्य सरपोतदार यांच्या मराठी ‘झोंबिवली’ने (२०२२) डोंबिवलीतले गृहसंकुल आणि झोपडपट्टी यांतली दरी कथेत आणली, म्हणून तो मला महत्त्वाचा वाटतो. भुताला पुन्हा पत्ता मिळाला, शेजार मिळाला, आणि कोणाच्या वाट्याला काय येते हा प्रश्नही.