पाट मोठा, पण पाळी कोणाची?

आई धुळ्याला, आम्ही जळगावला. रोज रात्री नऊ वाजता व्हिडिओवर भेटायचे, हा आमचा नेम. पण ऐन बोलण्यात तिचा चेहरा गोठायचा आणि पलीकडून अहिराणीत तक्रार यायची, 'तुना आवाज येत नही रे!' पुढेपुढे ती 'बरी आहे' एवढेच सांगून फोन ठेवू लागली. मी शंभर एमबीपीएसची जोडणी दोनशेची करून घेतली. बिल वाढले, रड तीच.

शेवटी भाच्याने एक प्रयोग दाखवला. घरात कोणी इंटरनेट वापरत नसताना निरोप जाऊन उत्तर यायला 12 मिलिसेकंद लागत होते. लेकीने लग्नाचे फोटो चढवायला घेतले आणि तोच आकडा 800 वर गेला! दोष वेगाचा नव्हता, रांगेचा होता. बाहेर जायला वाट मिळेपर्यंत राउटर माहितीची पुडकी साठवीत राहतो. फोटोंची शेकडो पुडकी पुढे आणि माझा शब्द त्यांच्या मागे ताटकळत उभा.

जिम गेटिस यांनी 2010 च्या सुमारास हे दुखणे 'बफरब्लोट' या नावाने जगापुढे आणले. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी 2012 मध्ये त्यावर 'कोडेल' हा उतारा सुचवला. रांग किती लांब हे पाहायचे नाही. पुडके किती वेळ खोळंबले ते पाहायचे. खोळंबा टिकून राहिला, की एखादे पुडके टाकून द्यायचे. पाठवणारा त्यावरून समजतो आणि हात आखडता घेतो. पुढे आलेल्या 'एफक्यू-कोडेल'ने प्रत्येकाची रांग वेगळी करून पाळी लावली.

पाळी म्हटल्यावर मला आमची पांझरा आठवली. तिच्या काठच्या फड पद्धतीत बंधाऱ्याचे पाणी पाटाने येते आणि पाटकरी ते पाळीपाळीने देतो. वरच्यानेच पाट अडवला, तर शेवटचे शेत कोरडे राहायचे.

आमच्या राउटरमध्ये 'एसक्यूएम' ही सोय होती. (सगळ्याच राउटरांत ती नसते.) भाच्याने ती चालू केली आणि माहिती वर चढवण्याच्या वेगावर मोजलेल्या वेगाच्या नव्वद टक्क्यांची मर्यादा घातली. असे केले, की रांग पुढच्या यंत्रात न साचता आपल्याच राउटरमध्ये, म्हणजे पाटकऱ्याच्या नजरेसमोर राहते. दहा टक्के वेग सोडला. फोटो चढत असतानाही आकडा तिशीच्या आत राहिला.

त्या रात्री आई पाऊण तास बोलली. गुडघा महिनाभर दुखत होता, हे मला तेव्हा कळले.