परळ: एक बुजवलेलं बेट

परळचा इतिहास सांगायला बसलं की आपली गाडी हटकून गिरणीच्या भोंग्यापाशी सुरू होते आणि १९८२च्या संपापाशी थांबते. ते स्वाभाविकही आहे, घरोघरी त्या संपाची झळ लागलेली. पण मुंबईची पहिली कापडगिरणी ताडदेवला निघाली १८५४ मध्ये. परळ बेटावर त्याच्या निदान साडेबाराशे वर्षं आधीपासून माणसांची जाग होती, आणि त्याचा पुरावा परळमध्येच उभा आहे.

१९३१ मध्ये इथे रस्त्याचं काम चालू असताना जमिनीतून एक फिकट पांढुरकी शिळा निघाली. उंची साडेतीन मीटरच्या आसपास, काळ पाचव्या-सहाव्या शतकाचा. मध्यभागी शिव उभा. त्याच्या मागून दुसरा वर निघतो, त्याच्याही वर तिसरा, अनेक हातांचा. दोन्ही बाजूंनी आणखी दोन-दोन, अशा एकूण सात मूर्ती, आणि पायाशी वाद्यं घेतलेले गण. घारापुरीची लेणी पाहायला आपण लाँचने तासभर जातो. त्याच तोलाचं हे शिल्प बारादेवीच्या देवळात आहे, आणि अर्ध्या परळला त्याचा पत्ता नाही.

पुढे पोर्तुगीज आले. जेझुइट पाद्र्यांचा मठ आणि चर्च उभं राहिलं. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी ते जप्त केलं आणि तिथे गव्हर्नर राहायला गेले. प्रार्थनेच्या दालनात मेजवान्या झडू लागल्या! वरळीची खाडी गव्हर्नर हॉर्नबीच्या बांधाने अडवली गेली, मधली दलदल हळूहळू भरत गेली आणि परळचं बेटपण संपलं. १८८२ मध्ये गव्हर्नरांच्या पत्नी लेडी फर्ग्युसन पटकीने वारल्या, त्यानंतर गव्हर्नरांनी मलबार पॉइंट गाठला. प्लेगच्या साथीत त्याच वास्तूत इस्पितळ उघडलं आणि १८९९ मध्ये शास्त्रज्ञ हाफकिन यांची प्रयोगशाळा तिथे आली. आजची हाफकिन संस्था ती हीच.

मग गिरण्या, चाळी. १९३२ मध्ये पेरू चाळीतला बाजार बंद पडला, कोळणी आणि फेरीवाले रस्त्यावर आले. हक्काच्या जागेसाठी त्यांनी नवस बोलला आणि १९३४ मध्ये लालबागचा राजा बसला. आज रांगेत तासन्‌तास उभ्या राहणाऱ्या किती भाविकांना ही मासळीवाल्यांची गोष्ट माहीत असेल?

समुद्र मात्र आपली जागा विसरलेला नाही. जोराचा पाऊस आणि भरती एकत्र आली की हिंदमाता तुंबतं. अलीकडे पाणी साठवायला महापालिकेने परळ आणि दादरच्या मैदानांखाली टाक्या बांधल्या.

गिरण्यांच्या चिमण्या वाचवा म्हणून आपण ओरडलो, ते योग्यच झालं. पण वारसा म्हणजे फक्त चिमण्या नव्हेत. येत्या महाशिवरात्रीला लालबाग-परळकरांनी मुलांना घेऊन बारादेवीला जावं, आणि ती शिळा नीट निरखून पाहावी.