लोखंडाची परीक्षा घेणारी चौकट

अक्कलकुवा तालुक्यातलं मणिबेली हे सरदार सरोवराच्या पाण्याखाली जाणारं महाराष्ट्रातलं पहिलं गाव. त्याच्यासह राज्यातली ३३ गावं बुडिताच्या यादीत आली. धरणावरच्या दोन वीजगृहांची क्षमता १,४५० मेगावॅट आणि त्या विजेत महाराष्ट्राचा वाटा २७ टक्के. एवढी किंमत मोजून आलेली वीज वाटेत लोखंडात किती मुरते, हे मोजायलाच हवं. ते काम एपस्टाइन चौकट करते.

वीजगृहापासून गावातल्या डीपीपर्यंत प्रत्येक रोहित्रात पातळ पत्र्यांचा गाभा असतो. तो सेकंदाला ५० वेळा चुंबकित होऊन उलटतो. या उलटापालटीत काही ऊर्जा उष्णता होऊन जाते. हाच कोअर लॉस. गावात एकही दिवा लागलेला नसला, तरी डीपीला वीजपुरवठा आहे तोवर हा तोटा चालूच राहतो.

तो कमी करण्यासाठी लोखंडात सुमारे ३ टक्के सिलिकॉन मिसळतात. १९३४ साली अमेरिकेत नॉर्मन गॉस यांनी पत्र्यातले स्फटिक लाटण्याच्या दिशेने वळवण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. आजचा सीआरजीओ पत्रा तिथून आला. भारतात तो बनवणारे कारखाने मोजकेच. त्यातला एक नाशिकजवळ आहे. पूर्वी तो थायसनक्रुपचा होता, आता जेएसडब्ल्यू आणि जपानच्या जेएफईकडे आहे.

पत्रा चांगला की वाईट, हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. त्यासाठी जर्मनीत एपस्टाइन यांनी १९०० च्या सुमारास सुचवलेली चौकट आजही प्रमाण मानली जाते. पत्र्यातून ३० मिलिमीटर रुंदीच्या लांब पट्ट्या कातरतात. कातरताना कडांवर ताण येतो आणि तोटा फुगून दिसतो, म्हणून सीआरजीओच्या पट्ट्या तापवून तो ताण घालवतात. मग त्या तराजूवर तोलतात. छेदाचं क्षेत्रफळ पट्टीच्या जाडीवरून न काढता वजन, लांबी आणि घनता यांवरून काढतात. त्यामुळे इथे तराजू चुकला की पुढचं सगळं चुकलं.

पट्ट्या चौकटीच्या चार बाजूंच्या वेटोळ्यांत सरकवतात आणि कोपऱ्यांवर त्यांची टोकं एकाआड एक चढवतात. चारही बाजूंना पट्ट्या सारख्या हव्यात. प्रत्येक बाजूच्या दोन वेटोळ्यांपैकी एकातून प्रवाह सोडायचा, दुसऱ्यात निर्माण होणारा व्होल्टेज वाचायचा. वॅटमीटरची करंट कॉइल पहिल्यात आणि व्होल्टेज कॉइल दुसऱ्यात जोडल्यामुळे पहिल्या वेटोळ्याच्या तांब्यातला तोटा हिशेबात येत नाही. उरतो तो मुख्यतः लोखंडाचा. आधी पट्ट्यांमधलं जुनं चुंबकत्व घालवायचं, मग प्रवाह हळूहळू वाढवत पट्ट्यांमधली चुंबकीय घनता १.७ टेस्लापर्यंत न्यायची आणि किलोमागे किती वॅट ते लिहायचं. उत्तम पत्र्यात हा आकडा एकच्याही खाली येतो.

फरक किरकोळ वाटतो. पण समजा, गाभा २०० किलोचा आहे आणि पत्रा किलोमागे ०.३ वॅटने वाईट आहे. म्हणजे ६० वॅट, रात्रंदिवस. वर्षाला सुमारे ५२५ युनिट, २५ वर्षांत १३ हजारांवर. हे एका डीपीचं.

भंगारात निघालेल्या रोहित्रांचा पत्रा कातरून पुन्हा गाभ्यात बसवण्याचे प्रकार देशात झाले आहेत. असा पत्रा स्वस्त पडतो, पण चौकटीत घातला की त्याचं खरं रूप कळतं. भारतीय मानक ब्यूरोचं प्रमाणपत्र सीआरजीओ पत्र्याला आता सक्तीचं आहे आणि रोहित्रांच्या तोट्यावरही मानकाने मर्यादा घातल्या आहेत. मानक कागदावर कितीही कडक असलं, तरी ते टिकतं ते प्रामाणिकपणे घेतलेल्या मोजमापावरच.

म्हणून रोहित्र खरेदी करणारे अभियंते, साखर कारखाने, सूतगिरण्या, पाणीपुरवठा संस्था यांना सांगणं एवढंच: किमतीच्या रकान्यावर थांबू नका. चाचणी अहवालातला नो-लोड लॉसचा, म्हणजे मुख्यतः कोअर लॉसचा, आकडा मागा आणि पत्र्याचं प्रमाणपत्र पाहा. किंमत एकदाच द्यायची असते, तोटा मात्र रोहित्र चालेल तितकी वर्षं भरावा लागतो.